विकत नाही, करून देते

माझं डोकं लवकर तापतं. अक्का म्हणते, हिच्या डोक्यावर पातेलं ठेवलं तर अख्ख्या बिल्डिंगला अंघोळीचं पाणी मिळेल, कशाला ती गच्चीवरची यंत्रं लावताय? अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, आणि ती गच्चीवरची यंत्रं म्हणजे माझं पोट. जुन्या वसाहती पाडून नव्या उभ्या करतात, तेव्हा तिथे वीज कुठून येणार, पाणी कशावर तापणार, गाड्या कुठे चार्ज होणार आणि हे सगळं धूर न काढता कसं जमणार, याचा आराखडा करणं हे माझं काम. बंगळुरात कुठेही नवी इमारत दिसली की मी आधी मान वर करून गच्ची बघते. रिक्षात बसले असले तरी बघते. घरच्यांनी आता त्यावर बोलणं सोडून दिलं आहे.

बंगळुरातच पीण्या म्हणून कारखान्यांचा भाग आहे, तिथे एक कारखाना होता, बरीच वर्षं बंद पडलेला. माझे बाबा तिथे लेथवर होते. कारखान्याच्या मागे कामगारांची क्वार्टर्स, बैठी, एका रांगेत, प्रत्येकाच्या दारात एक तुळस आणि एक मोडकी सायकल. कारखाना गेला तरी माणसं राहिली. अक्काचा नवराही त्याच कारखान्यात होता. त्याला जाऊन खूप वर्षं झाली, पण अक्का तिथेच आहे, आमच्या जुन्या घरापासून चार दारांवर. आता त्या सगळ्या जमिनीचा पुनर्विकास निघाला. ऑफिसं, दुकानं, बाग, उंच टॉवर, आणि पहिल्या टॉवरमध्ये या क्वार्टर्समधल्या लोकांना फ्लॅट. ते काम आमच्या ऑफिसात आलं आणि मी ते हट्टानं मागून घेतलं. आपल्या गल्लीला आपल्या हातानं सूर्याची वीज द्यायची, असं काहीतरी उदात्त डोक्यात होतं. असे विचार आले की माणसानं खाली बसावं आणि गार पाणी प्यावं. मी बसले नाही.

आमचे प्रोजेक्टचे साहेब पुण्याचे. माझ्याहून पुष्कळ लहान, महादेवपुऱ्यात राहतात, दर वाक्याला एक ‘बेसिकली’ वाहतात. माणूस सरळ आहे, पण पहिल्याच दिवशी मला म्हणाले, ‘‘मॅडम, तुमचं मराठी किती क्यूट आहे हो!’’

मी म्हटलं, ‘‘स्वल्प थांबा सर. अजून मी चिडले नाही. चिडल्यावर आणखी क्यूट होतं.’’

त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही. पण आमचं जमलं. योजना झकास होती. सगळ्या गच्च्यांवर सौर पॅनेल, तळघरात बॅटऱ्या, पाणी तापवायला हीट पंप, आणि गॅसची नळी कुठेच नाही, सिलिंडरलाही मनाई. ‘‘एकाही घरात ज्वाला नाही!’’ हे साहेबांचं आवडतं वाक्य. आता या सगळ्याचा हिशेब पंगतीसारखा असतो. किती पानं आणि कोण किती खाणार हे आधी कळलं, तरच किती शिजवायचं ते ठरतं. बॅटऱ्या किती, ट्रान्सफॉर्मर केवढा, प्रत्येक फ्लॅटला किती विजेची मर्यादा, हे घराघराच्या भुकेवरून ठरतं. म्हणून दारोदार जाऊन विचारायचं. फ्रिज आहे का, पंखे किती, आणि सगळ्यात महत्त्वाचं, घरात काही धंदा चालतो का?

तो प्रश्न विचारायला मी स्वतः गेले. म्हटलं, आपली माणसं आहेत, आपल्याला खरं सांगतील. हेच चुकलं. आपली माणसं आपल्याला खरं कधीच सांगत नाहीत, जेवायला घालतात.

इथे आमच्या घराण्याबद्दल सांगायला हवं. आमचे पूर्वज तीन-चारशे वर्षांपूर्वी घोड्यावर बसून या मुलखात आले. त्या घोड्याचं पुढे काय झालं ते कोणी सांगत नाही, पण घोडा होता एवढं नक्की. बाबा आयुष्यभर लेथवर उभे राहिले, पण त्या घोड्यावरून उतरले नाहीत. ‘‘आपण नोकरी करू, चाकरी करू, पण अन्न विकणार नाही,’’ हे त्यांचं ब्रह्मवाक्य. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो पीळ आमच्या सगळ्या गल्लीत होता. तिथली निम्मी घरं आमच्यासारखीच, घरात कानडी मिसळलेलं मराठी, बाहेर कानडी, आणि मनात घोडा.

कारखाना बंद पडल्यावर अक्कानं आमच्या घरी, आईच्या ओट्यावर, पुरणपोळ्या करायला सुरुवात केली. पण ‘विकायला’ नव्हे हं! ‘करून द्यायला’. लग्न असो, बारसं असो, सण असो, लोक येऊन सांगायचे, अक्का, एवढ्या पोळ्या करून द्याल का? अक्का ‘सरी’, म्हणजे बरं, म्हणायची आणि पोळ्या डब्यात भरून द्यायची. पैशाचं नाव दोघंही काढायचे नाहीत. पण डबा रिकामा परत करू नये अशी आपल्याकडे रीत आहेच. तो परत यायचा तेव्हा त्यात साखर असायची, आणि साखरेखाली, विड्याच्या पानात गुंडाळून, नोटा. अक्का डबा घ्यायची, ‘‘अगं कशाला साखर,’’ म्हणायची आणि आत जायची. समोर उघडायची नाही. कमी आले तरी हूं नाही की चूं नाही. त्या काळात आमच्याकडे साखर कधी विकत आणल्याचं मला आठवत नाही. मला वाटायचं, आमच्यावर सगळ्यांचं फार प्रेम आहे.

तर मी हातात टॅब घेऊन अक्काच्या दारात उभी राहिले. आत दोन सिलिंडर, दोन शेगड्या, एकीवर पुरण शिजतंय, दुसरीवर तिचा तो परातीएवढा बिडाचा तवा. खाटेवर पांढरा पंचा पसरलेला आणि त्यावर पोळ्याच पोळ्या, एका लग्नाच्या. वेलदोड्याच्या वासानं दारातच माझं लक्ष उडालं. तरी मी कर्तव्य सोडलं नाही.

‘‘घरात काही धंदा-उद्योग चालतो का?’’

‘‘धंदा?’’ अक्कानं लाटणं थांबवलं. ‘‘आपल्या घराण्यात कुणी धंदा केलाय?’’

‘‘नाही.’’

‘‘मग? बस, पोळी खा.’’

मी टॅबवर ‘नाही’ दाबलं आणि तूप घालून गरम पोळी खाल्ली. दोन खाल्ल्या. आणि गंमत म्हणजे मला काही, म्हणजे काहीसुद्धा, खटकलं नाही. मी त्याच रीतीत वाढलेली ना! अक्का धंदा करत नव्हती, करून देत होती. पुण्याहून आलेला एखादा नवखा पोरगा पाठवला असता तर त्यानं खाटेकडे बघून ‘हो’ लिहिलं असतं. शेजारच्या बाईंच्या घरात ग्राइंडर रणगाड्यासारखा घरघरत होता आणि इडलीच्या पिठाच्या पिशव्या उंबऱ्यापर्यंत आल्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘‘घरापुरतं वाटते गं.’’ मी ‘घरापुरतं’ लिहिलं. त्यांच्या घरात त्या आणि त्यांचं मांजर.

साहेब निकालावर बेहद्द खूश. ‘‘मॅडम, एवढी मोठी वस्ती आणि एकही धंदा नाही? बेसिकली, ही आयडियल केस आहे!’’ त्या आदर्श केसवर आम्ही अख्खा आराखडा उभा केला. प्रत्येक फ्लॅटला एका कुटुंबाच्या स्वयंपाकापुरती वीज, त्यावर एक थेंब जास्त नाही.

मग जागेवर एक नमुन्याचं स्वयंपाकघर बांधलं. राहणाऱ्यांनी यावं, हात लावून बघावं, चहा करावा आणि संमती द्यावी, अशी साहेबांची कल्पना. सकाळपासून रीघ लागली. कुणी दूध तापवलं, कुणी पापड भाजायचा प्रयत्न केला आणि ज्वाला शोधत बसलं. साहेब इंडक्शन शेगडीच्या चकचकीत काचेवर हात ठेवून दाखवत होते, बघा, चटका बसत नाही! आणि मग दारातून अक्का आली. डोक्यावर पदर, काखेत तो तवा, पिशवीत कणकेचा गोळा आणि पुरण.

‘‘काकू, या या,’’ साहेब म्हणाले. ‘‘एवढा मोठा तवा?’’

‘‘लहान तव्यावर लहान पोळी होते, अप्पा,’’ अक्का म्हणाली आणि तवा काचेवर ठेवला. काच थरथरली. साहेबही थोडे थरथरले.

तो तवा वर्षानुवर्षं तापून मध्ये बसलेला, काठाला वर उचललेला. पहिली पोळी मध्ये काळी झाली आणि कडेला कच्ची राहिली. अक्कानं ती उचलून बाजूला ठेवली, जणू काही झालंच नाही. दुसरी फिरवत फिरवत भाजली, ती बरी झाली. ‘‘वेळ लागतो,’’ ती म्हणाली. मग तिनं तिच्या सवयीनं तिन्ही शेगड्या लावल्या, एकीवर पुरण आटायला, एकीवर तूप कढवायला, एकीवर तवा, आणि वर मिक्सर चालू केला. खटकन मेन स्विच पडला. दिवे गेले, पंखा गेला, साहेबांचं प्रेझेंटेशनही गेलं. लोक खो खो हसले. इडलीवाल्या बाई म्हणाल्या, ‘‘पोरी, तुझा सूर्य झोपला की गं!’’

मीही हसले. आणि मग मला अक्काचा चेहरा दिसला. ती हसत नव्हती. हातातली लाटलेली पोळी तशीच धरून ती त्या बंद पडलेल्या काचेकडे बघत होती. एका कुटुंबापुरती वीज, सिलिंडर नाही. अक्काला दुसरं काहीच उत्पन्न नाही, आणि ते मी माझ्या हातानं बंद केलं होतं, वर तूप लावून पोळी खाऊन.

संध्याकाळी तिच्या घरी गेले. ती भाकरी थापत होती. भाकरी तव्यावर टाकून म्हणाली, ‘‘मग आता मी काय करू गं?’’ एवढंच. माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं.

उपाय माझ्या डोक्यात रिक्षातच आला होता. टॉवरच्या तळमजल्यावर एक सामायिक स्वयंपाकघर काढायचं, जाड केबल, वेगळा मीटर, मोठ्या सपाट विजेच्या भट्ट्या. ज्यांचा घरून धंदा आहे त्यांनी तिथे करायचा. दुसऱ्या दिवशी साहेबांना सांगितलं. ते लगेच तयार झाले. पण म्हणाले, ‘‘मॅडम, आपल्या सर्व्हेत एकही धंदा नाही. रविवारी रहिवाशांची सभा आहे, त्यानंतर ट्रान्सफॉर्मरची ऑर्डर जाते. मग काही बदलता येणार नाही.’’

‘‘मी बदलते ना! माझ्याच बहिणीचं आहे.’’

‘‘म्हणूनच तुम्ही नको. लोक म्हणतील, इंजिनिअर बाईंनी बहिणीसाठी खोली काढली. त्यांनी स्वतः सभेत सांगितलं पाहिजे.’’

पोरगा बरोबर बोलत होता. मला अशा वेळी फार राग येतो.

अक्काला सांगितलं, रविवारी सभेत उठायचं आणि म्हणायचं, मी पोळ्या विकते.

‘‘विकत नाही,’’ अक्का म्हणाली. ‘‘करून देते.’’

‘‘करून देतेला वीज मिळत नाही, अक्का! धंद्याला मिळते.’’

‘‘चारचौघांत उठून अन्न विकते म्हणू? बाबांच्या फोटोसमोर दिवा कुठल्या तोंडानं लावू?’’

‘‘बाबांचा फोटो येणारे का पोळ्या लाटायला?’’ माझा तोल सुटला. ‘‘चारशे वर्षं झाली त्या घोड्याला! तो मेला! आपण खाली उतरलो तरी चालेल!’’

अक्का रागावली की बोलत नाही, वाढते. तिनं माझ्या पानात भाकरी घातली, भाजी घातली, पुन्हा भाकरी घातली. मी नको नको म्हणेपर्यंत भात आला. मी जेवले आणि घरी आले. सगळा आठवडा तिनं माझा फोन उचलला नाही.

सभा कारखान्याच्या जुन्या कॅन्टीनमध्ये भरली. भिंतीवर तिथला फळा अजून होता, ज्यावर पूर्वी त्या दिवशीचं जेवण लिहायचे. साहेबांनी पडद्यावर चित्रं दाखवली, मी कानडीत समजावलं. अक्का तिसऱ्या ओळीत बसली होती, काठापदराची साडी नेसून, माझ्याकडे न बघता. शेवटी मी फळ्यावर ‘घरून चालणारे धंदे’ असं लिहिलं आणि वळून विचारलं, ‘‘कुणाचा काही आहे?’’

एकही हात वर आला नाही. इडलीवाल्या बाई छताकडे बघायला लागल्या, मनगटाला वाळलेलं पीठ तसंच. बंगळुरातल्या शिवाजीनगरच्या दुकानांचे ब्लाउज शिवणारे अण्णा कॉलरला लोंबणारा दोरा झटकायला लागले. मी अक्काकडे बघितलं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. मी मनात म्हटलं, ऊठ गं बाई, ऊठ.

‘‘ओके,’’ साहेब म्हणाले. ‘‘मग काही बदल नाही.’’ आणि लॅपटॉप मिटायला लागले.

अक्का उठली.

‘‘नानु होळिगे मार्तीनि,’’ ती म्हणाली. मग साहेबांना कानडी येत नाही हे आठवून मराठीत, आणखी मोठ्यानं, ‘‘मी पोळ्या विकते.’’

साहेब ताठ झाले. पण नियम तो नियम, त्यांना पुढचे प्रश्न विचारणं भाग होतं. ‘‘काकू, किती वर्षं करताय? आणि काही पुरावा? लायसन्स, बिल-बुक, काहीही चालेल.’’

‘‘बिल-बुक नाही.’’

‘‘मग बेसिकली काहीतरी...’’

‘‘पुरावा पाहिजे ना?’’ अक्कानं हात लांब करून माझ्याकडे बोट दाखवलं. ‘‘तो काय तुमच्या शेजारी उभा आहे. कारखान्याला कुलूप लागलं तेव्हा ही बारावीत होती. हिला सांगितलं होतं, बाबांच्या फंडातून कॉलेजची फी भरली. फंड आलाच नाही कधी. हिची फी, हिची पुस्तकं, हिचा तो टी-स्क्वेअर का काय तो, सगळं माझ्या तव्यावर भाजून निघालंय. बाबांनाही माहीत होतं. फक्त बोलायचं नाही असं ठरलं होतं.’’ तिनं पदर सावरला. ‘‘ही इंजिनिअर झाली. आणखी काय पुरावा देऊ, अप्पा?’’

मला साखरेचे डबे आठवले. फीच्या आधीच्या दिवसांत आमच्याकडे भराभरा डबे परत यायचे, आणि आई ओट्याशी पाठमोरी उभी राहून साखर एका बरणीत ओतत असायची, आणि मी अभ्यास करता करता म्हणायचे, आई, साखर दे ना थोडी. मला रडू आलं. चारचौघांत, प्रोजेक्टरच्या उजेडात, नाक लाल होईपर्यंत. साहेबांनी त्यांचा रुमाल पुढे केला आणि एकदाही बेसिकली म्हणाले नाहीत.

मागून इडलीवाल्या बाईंचा आवाज आला, ‘‘हिनं लाज सोडलीच आहे, तर माझंही लिही गं. घरापुरतं नाही, चार हॉटेलांपुरतं.’’ अण्णांनीही हात वर केला, दोऱ्यासकट.

पण पहिलं नाव अक्काचं होतं. मी खडू घेऊन फळ्यापाशी गेले. पाठमोरी उभी राहूनच विचारलं, कारण तोंड दाखवायची सोय नव्हती, ‘‘काय लिहू, अक्का? करून देते?’’

‘‘विकते,’’ अक्का म्हणाली. ‘‘विकते लिही. आणि जरा नीट अक्षरात लिही. एवढ्या पोळ्या लाटल्यात मी त्या अक्षरासाठी.’’

मी लिहिलं. अक्षर काही नीट आलं नाही.